बाबांच्या पावलाची जागा

३० ऑगस्ट

वन-पिन,

तुझ्या ढोलमंडळाचे झगे बसच्या पार्सलने पोचले. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसते झगे, आणि तेही काखेत टराटरा फाटलेले. बहिणीशी तीन वर्षं शब्द बोलायचा नाही, तिचा फोन ब्लॉक करायचा आणि काखा मात्र तिनेच शिवायच्या! वा रे पठ्ठ्या. नदीपलीकडे तुझ्या सासुरवाडीत एक शिंपी मिळत नाही का?

शिवलेत. लाल झग्याच्या आतल्या खिशात हा कागद ठेवतेय. आता तू म्हणशील, ताईने शपथ मोडली. अजिबात नाही. वन-पिन आधी बोलल्याशिवाय मी त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही, असं म्हणाले होते मी. लिहिणार नाही असं कुठे म्हणाले? तू मात्र लिहू नकोस. तुझं अक्षर बघून माझं डोकं दुखतं.

हा भुतांचा महिना, मिरवणुका बंद, म्हणून हाताला जरा उसंत आहे. सकाळी कालवं फोडायची, दुपारी शिवण, आणि संध्याकाळी मिरवणुकीच्या गाडीत बसून माझा टेक्नो, ते डिस्कोचं संगीत, लावायचा. गाडीला नवे जांभळे निऑन दिवे लावलेत. पेट्रोल पंपावरचा आ-शंग आता लॅपटॉप सांभाळतो. चांगला माणूस आहे, फक्त घाबरट. कोणी डोळे वटारले की लगेच आवाज कमी करतो. तू एकदा येऊन डोळे वटार म्हणजे तुला कळेल.

अजून राग गेला नाही ना तुझा? माझाही नाही गेलेला. बाबा गेल्यानंतरचा आपल्या देवाचा, तिसऱ्या युवराजांचा, पहिला वाढदिवस, देवळाचं अंगण गच्च भरलेलं, आणि तू थोरल्या मूर्तीच्या आतून बाहेर येऊन गाडीची वायर उपटलीस! देवाच्या उरलेल्या दोन्ही मूर्ती, मधले आणि धाकटे युवराज, एक एक पाय वर उचलून जागच्या जागी थिजले. मधल्या युवराजांच्या आतला माणूस तर धपकन बसलाच. देव असा बसतो का कधी? म्हणून मी तुझी टिपरी माशांच्या तळ्यात भिरकावली. त्याबद्दल मला काहीही वाटत नाही.

तुझं तुणतुणं मला पाठ आहे: ढोलावर चालणाऱ्या देवाला ताईने डिस्कोत नेऊन नाचवलं. अरे, तिसरे युवराज म्हणजे मूल आहे मूल! लोक त्यांच्यापुढे लॉलीपॉप ठेवतात, चोखण्या ठेवतात, खेळण्यातल्या मोटारी ठेवतात. मुलाला काय आवडेल, तुझी ती गंभीर धडधड की माझे चमकते दिवे? पांढरे हातमोजे आणि गॉगल घालून त्यांनी पहिल्यांदा टेक्नोवर हात फिरवले तेव्हा म्हाताऱ्या बायका खुर्च्यांवर उभ्या राहिल्या होत्या. तूही हसला होतास. नंतर तोंड पाडलंस.

काखेत दुहेरी टीप घातलीय. जेवण कमी कर.

चिन-फंग (तुझी ताई, विसरला असशील म्हणून)


२४ सप्टेंबर

वन-पिन,

पार्सल मिळालं. फाटके हातमोजे आणि खाली दोन पपनसं. पपनसं कोणासाठी ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून मीच खाल्ली. गोड होती. आज चंद्राचा सण, गल्लीत घरोघरी शेगड्या पेटल्यात, सगळीकडे मांस भाजल्याचा धूर. मी एकटीने किती खायचं? शेजारच्यांना बोलावलं, ते तुझी चौकशी करत होते. मी म्हटलं, तो जाड झालाय.

आता एक बातमी. तुला काही देणंघेणं नाही हे मला माहीत आहे, तरी सांगते. काल देवळाचे अध्यक्ष शू काका आले होते. चहा घेतला, कालवांची भजी खाल्ली, दोनदा मागून खाल्ली, आणि मग मुद्द्यावर आले. म्हणाले, "चिन-फंग, थोरले युवराज तीन वर्षं कोपऱ्यात उभे आहेत. न चालणारा देव आम्ही असा धूळ खात ठेवू शकत नाही. यंदाच्या वाढदिवसालाही ते निघाले नाहीत, तर मागच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलंय."

मी म्हटलं, "काचेत? ते काय सुकवलेले मासे आहेत?"

तर म्हणतात, "मग खांदा दे."

आता खांदा कुठून देऊ? मधल्या आणि धाकट्या युवराजांच्या आत मी कोणालाही घालते, आ-शंगचा मेहुणा चालतो, भाजीवाला चालतो. पण थोरल्यांना आपल्याच घरचा खांदा लागतो. बाबांनी तसं गावासमोर सांगून ठेवलंय. आजोबांनी मूर्तीचा तो बांबूचा सांगाडा स्वतःच्या हाताने बांधला, त्यात बाबा शिरले, बाबांनंतर तू. आणि नंतर कोण? आपल्या घरात आता उरलं कोण ते मोज बघू. लवकर संपेल मोजून.

हे मी तुला का सांगतेय? सहज. पपनसांची पोच द्यायची होती.

आणखी एक. आ-शंगचा मेहुणा परवा विचारत होता, "मावशी, प्रत्येक वेळी तीन पावलांनंतर तो पाय लटकत का ठेवायचा? टेक्नो पुढे निघून जातो, आमचा तोल जातो." मला हसू आवरेना. त्याला काय सांगणार? तू तर तुझ्या मंडळातल्या पोरांना तोंड गंभीर करून शिकवतोस म्हणे, की हे पूर्वापार चालत आलेलं पवित्र थांबणं आहे. पूर्वापार! वन-पिन, तू सोबत होतास. बाबांच्या पायात कालवाचं शिंपलं घुसलं होतं! सकाळी किनाऱ्यावर पाय कापला, पट्टी बांधली, आणि तसेच दिवसभर मूर्तीत शिरून नाचले. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला पाय जपून, उशिराने टेकवायचा. पुढच्या वर्षी पाय बरा होता, तर लोक विचारायला लागले की युवराजांचं ते ऐटबाज थांबणं कुठे गेलं? मग बाबांना ते करावंच लागलं, जन्मभर. गावातली पोरं आता लग्नातसुद्धा तशीच नाचतात.

तू वायर उपटलीस तेव्हा काय ओरडला होतास, आठवतं? "तुझ्या मशीनला बाबांचं पाऊल कळत नाही!"

मी हे अधूनमधून आठवते. भांडी घासताना वगैरे.

हातमोजे नवेच शिवलेत. जुने फेकले, त्यांना वास येत होता.

चिन-फंग


९ ऑक्टोबर

वन-पिन,

यू-लानचा फोन आला होता. तिला रागावू नकोस, माझी भावजय आहे, चोरून का होईना पण बोलते तरी. तिच्याकडून कळलं की वाढदिवसाच्या दिवशी तुझ्या ढोलमंडळाने पुलाच्या त्या टोकाच्या देवळाची सुपारी घेतलीय. मुद्दाम त्याच दिवशी. छान. उत्तम. फारच छान.

मी चिडलेली नाही. फोन ठेवल्यावर टोपलीभर कालवं फोडली, नेहमीपेक्षा लवकर संपली, एवढंच.

आता हेही ऐकून ठेव. आमची मिरवणूक यंदा पुलापर्यंत येऊन वळणार आहे. तुमची तिथून निघणार. समोरासमोर आलो तर काय करायचं ते तुला शिकवायला नको. माणसांचं माणसांशी काहीही वाकडं असो, देवांना देवांना नमस्कार करावाच लागतो. झेंडे वाकवायचे, दोन्हीकडचे युवराज नाचून एकमेकांना मान देणार, मगच पुढे जायचं. तसंच पुढे गेलं तर दोन्ही गावांत वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. तेव्हा तू फुगून बसलास तरी तुझ्या देवाला फुगू देऊ नकोस.

"दोन्हीकडचे युवराज" असं लिहिलं, कारण थोरले निघणार आहेत. सोय झालीय. कोणाचा खांदा, ते विचारायचं नाही. तो नियम तुला बाबांनीच शिकवलाय: उदबत्तीचा धूर घेऊन माणूस आत शिरला की तो माणूस राहत नाही. त्याने तोंड उघडायचं नाही आणि बाहेरच्याने आत कोण म्हणून विचारायचं नाही.

शू काकांनी मात्र विचारलंच. मी म्हटलं, "घरचाच आहे." ते म्हणाले, "वन-पिन येतोय?" मी म्हटलं, "कालवांची भजी खाणार का?" मग ते तोंड भरल्यामुळे गप्प बसले.

एक किरकोळ गोष्ट विचारायची होती. आतली खांद्याची पट्टी तू कोणत्या भोकावर अडकवायचास? आणि त्या बांबूने मानेचं सालटं निघू नये म्हणून काय करायचास? माहितीसाठी विचारतेय. पुढेमागे कोणाला सांगायला बरं.

संगीतही नव्याने बसवलंय. आ-शंग म्हणतो, "ताई, यात कायतरी राहिलंय, भोक पडल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, राहू दे तसंच.

गुडघ्याचा पट्टा आणायला चियायी शहरात जाऊन आले. थंडीची तयारी.

चिन-फंग


१५ ऑक्टोबर

वन-पिन,

पार्सल मिळालं. या वेळी तुझा स्वतःचा काळा झगा, पाठीवर चांगला वीतभर फाटलेला. (ढोल वाजवतोस की कुस्ती खेळतोस?) आणि त्यात गुंडाळलेली बाबांची खांद्याची उशी.

मला वाटलं होतं ती हरवली. घरभर शोधली होती मी. तुझ्याकडेच होती होय? अजून तिला त्यांच्या मलमाचा वास आहे. मी बराच वेळ नाकाशी धरून बसले होते, आ-शंग आला म्हणून उठले.

उशीला दोरी बांधलीयस आणि पट्टीच्या टोकाकडून मोजून तिला गाठ मारलीयस. म्हणजे भोक कोणतं ते कळलं. माहितीसाठी विचारलं होतं, माहिती मिळाली.

झगा शिवायला वेळ लागेल. फाटणं मोठं आहे. मंडळाकडून दुसरा घाल तोवर. हा कागद यू-लानच्या हाती देतेय, ती उद्या मासळीला येणार आहे.

वाढदिवसाच्या दिवशी मला फोन करू नकोस. म्हणजे तू करतच नाहीस, पण करू नकोस. मी कामात असेन.

चिन-फंग


१८ ऑक्टोबर

वन-पिन,

अंग असं ठणकतंय की पेन धरवत नाही. तरी लिहितेय, कारण आज नाही लिहिलं तर हसून हसून मरेन.

हो, काल मीच होते. आता बाहेर आले, आता सांगायला हरकत नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई आणि आत थोरले युवराज, की उलटं, कोणास ठाऊक.

आधी देवाला विचारलं हं, मनाने नाही शिरले. पहाटे एकटी देवळात जाऊन कौलाच्या दोन लाकडी फाका टाकल्या. म्हटलं, युवराज, घरचा खांदा हवाय आणि घरात आता मीच आहे, चालेल का? पहिल्या वेळी दोन्ही फाका उताण्या पडल्या. म्हणजे देव हसला! मी म्हटलं, हसू नका, मी गंभीर आहे. पुन्हा टाकल्या, एक उपडी एक उताणी, होकार. आणखी टाकल्या, पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही तेच. मग मीच हसले. बाबांनी "घरचा खांदा" म्हटलं होतं, "मुलाचा" असं ते कधीच म्हणाले नव्हते. आपणच तसं धरून बसलो होतो. आणि इतकी वर्षं कालवांच्या टोपल्या वाहिलेले माझे खांदे तुझ्याहून रुंद आहेत, हे यू-लानलाही मान्य आहे.

पण वन-पिन, तू हे इतकी वर्षं कसं केलंस रे? आत भट्टी आहे! घाम डोळ्यांत जातो, पुसता येत नाही. पोटावरच्या जाळीतून समोरच्याचे फक्त बूट आणि गुडघे दिसतात. देवळातून निघाल्यापासून मी लोकांना बुटांवरून ओळखत होते. शू काकांचे बूट माझ्यासमोर बराच वेळ उभे होते. त्यांनी वाकून जाळीत डोकवायचा प्रयत्न केला. मी त्यांच्या पायावर पाय दिला. देवाने दिला म्हण.

पट्टी बरोबर बसली. उशी नसती तर बाजारापर्यंतही पोचले नसते.

मग पूल आला. फटाक्यांचा धूर खाली बसला, आणि जाळीतून मला आधी तुमच्या ढोलाच्या गाडीची चाकं दिसली, मग तुझे बूट. ते तपकिरी. टाच अजून बाहेरच्या बाजूला झिजवतोस.

झेंडे वाकले. तुमचे युवराज नाचून थांबले. आता आमची पाळी. आणि तुझा ढोल गप्प! आमच्या युवराजांना मान द्यायची वेळ आली आणि तू टिपरी काखेत धरून उभा म्हणे. दोन्हीकडचे लोक कुजबुजायला लागले. गाडीवरून तुझे डोळे बघून आ-शंगची गाळण उडाली असणार, कारण टेक्नोचा आवाज एकदम खाली आला. आणि मला ओरडता येईना! आत असं काही काही साचलं होतं माझ्या तोंडात, आ-शंगच्या तीन पिढ्यांसाठी. शेवटी मी युवराजांचे दोन्ही पांढरे हातमोजे वर करून गाडीकडे असे हलवले की लहान पोरालाही कळेल. आवाज परत वर आला.

मी पाऊल टाकलं. एक, दोन, तीन, आणि पाय अधांतरी. संगीतात तिथे काहीच नाही. चौथा ठोका मी काढून टाकलाय. गेले कित्येक दिवस संध्याकाळी गाडीत बसून मी एवढंच केलं, प्रत्येक चौथा ठोका उपटून काढला, तू वायर उपटलीस तसा. म्हणजे मशीन थांबेल. बाबांचा दुखरा पाय खाली टेकेपर्यंत मशीन गुपचूप थांबेल.

पहिल्या वेळी त्या शांततेत नुसता माझा पाय टेकला. गुडघ्यातून कळ गेली, ती सोंगाची नव्हती. दुसऱ्या वेळीही तसंच. तुझे बूट हलले नाहीत. मी म्हटलं, राहिलं, नाही तर नाही, एकदा आणखी करायचं आणि वळायचं.

एक, दोन, तीन, पाय वर.

धम्म!

तुझा ढोल. बरोबर त्या जागी. ना आधी, ना नंतर. मी आतल्या आत रडले रे, भोकाड पसरून, आवाज न करता. पुढच्या वेळी पुन्हा धम्म. मग तुझ्या मंडळाचे सगळे ढोल, आणि वरून माझा टेक्नो, आणि पूल हलायला लागला. कोणीतरी बाई किंचाळली, "युवराज बघा, युवराज!" गुडघा, वय, ऊन, काही आठवलं नाही मला. मी नाचले. किती वेळ ते विचारू नकोस.

आणि थांबल्यावर तुझे बूट जवळ आले. अगदी जाळीपुढे. तू युवराजांच्या हातात लॉलीपॉप ठेवलास, हात जोडलेस, आणि बोललास. शब्द न् शब्द पाठ आहे मला.

"युवराज, आमच्या ताईला एक निरोप द्याल का? तिला सांगा, आवाज अजून फार मोठा आहे. कान फुटले आमचे."

मग जाळीशी वाकलास.

"आणि सांगा, बाबांचं पाऊल तिच्या मशीनला कळलं. मला घरी यावंसं वाटतं. पण ती बोलवत नाही."

मी बोलवत नाही! उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं मी, आणि मिटलं. आत शिरलेल्याने बोलायचं नसतं, आणि तू शहाण्या, हे ओळखून बरोबर तेव्हाच बोललास. आयुष्यात पहिल्यांदा ताईला उलट बोलता येत नव्हतं. मी फक्त मान हलवली. युवराजांचं ते एवढं मोठं डोकं, ते वाकलं तेव्हा मुकुट तुझ्या कपाळावर आपटला. लागलं का? नसेल लागलं.

जाता जाता हळूच आणखी एक म्हणालास, "युवराज, गुडघ्याला शेक द्या." चोर कुठला. उशी पाठवलीस तेव्हापासूनच माहीत होतं ना तुला?

थोरले युवराज कोपऱ्यात नाहीत आता, पुढच्या दालनात, मधोमध. काचेचं कपाट आलं होतं म्हणे, शू काकांनी ते कार्यालयात चहाच्या कपांसाठी लावून घेतलं. मला म्हणाले, "घरचा खांदा भक्कम आहे." पाय अजून लंगडतोय त्यांचा.

आता हिशेब. तू आधी बोललास. हरलास. देवाशी बोललो, ताईशी नाही, वगैरे मला सांगू नकोस, साक्षीला दोन गावं आहेत. शपथ सुटली, आता मीही बोलू शकते. माझा फोन मोकळा कर.

आणि निरोप मागितला होतास, तर युवराजांचं उत्तर देते. ते म्हणतात: रविवारी यू-लानला घेऊन ये. ताई कालवं आणि शेवया करेल. ढोल आण, टिपरी आण, तळ्यात टाकणार नाही. आणि तुला बोलवायची कधी गरजच नव्हती गाढवा, घर आहे ते तुझं.

हा कागद पोस्टाने येतोय, कारण खिसा इथेच आहे. तुझा काळा झगा शिवून झालाय, इस्त्री करून दारामागच्या खुंटीवर टांगलाय. पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

ताई